शंभर ओळींतली एक लाल ओळ

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे. त्याच्या ऑफिसातला सर्व्हर लिनक्सवर, नेमकं सांगायचं तर डेबियनवर चालतो आणि तो सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. बिलं, मालाची नोंद, गाठींवर चिकटवायची लेबलं, सगळं त्या एकाच मशीनवरून निघतं. एका संध्याकाळी मी त्यावर स्कॅनरसाठी एक नवं पॅकेज, म्हणजे बांधून तयार आलेला प्रोग्रॅम, टाकायला घेतलं. टर्मिनलमध्ये, म्हणजे मशीनशी नुसत्या अक्षरांनी बोलायच्या त्या काळ्या खिडकीत, नेहमीसारख्या ओळी भराभर वर सरकल्या. इतकी पॅकेजं नवी येणार, इतकी बदलणार, इतके एमबी उतरवणार, पुढे जायचं का? मी वाय दाबलं आणि काम झाल्यावर घरी गेलो.

सकाळी साडेनऊला फोन आला. ट्रक भरून उभा होता आणि प्रिंटरमधून एकही कागद बाहेर येत नव्हता. डेबियनवर पॅकेजं आणायचं-काढायचं काम एप्ट हा प्रोग्रॅम करतो. मी पोचून त्याची हिस्टरी डॉट लॉग नावाची फाइल उघडली. कुठलं पॅकेज कधी आलं आणि कधी गेलं, याची नोंद त्यात राहते. आदल्या संध्याकाळच्या नोंदीत 'रिमूव्ह' या शब्दापुढे छपाईच्या दोन पॅकेजांची नावं होती. नवं पॅकेज आणि ती दोन एकत्र नांदू शकत नव्हती, म्हणून त्यांना काढायचं ठरलं होतं. आणि हे मशीनने परस्पर केलं नव्हतं. मला विचारलं होतं, 'रिमूव्ह्ड' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून विचारलं होतं. पण ती ओळ वरच्या-खालच्या साठ ओळींसारखीच करड्या रंगाची होती आणि माझी नजर तिच्यावरून घसरून थेट शेवटच्या प्रश्नावर गेली.

ट्रक पाऊण तास उशिरा निघाला. तेव्हापासून मी टर्मिनलमधल्या रंगाकडे सजावट म्हणून बघत नाही. तो काय आहे, आतून कसा चालतो आणि नीट कसा वापरायचा, हे जमेल तितकं उलगडून सांगतो.

आधी अपडेटचे संदेश कसे असतात ते पाहू. शंभरातल्या नव्वदेक ओळी नुसत्या हजेरीच्या असतात: अमुक उतरवलं, अमुक उलगडलं, अमुक बसवलं. त्या वाचल्या नाहीत तरी काही बिघडत नाही. उरलेल्या थोड्या ओळी माणसाचा हात मागतात. एखादं पॅकेज काढलं जाणार आहे. एखादं 'केप्ट बॅक', म्हणजे मागे ठेवलं आहे, त्यामुळे त्याचा सुरक्षेचा सुधार आलाच नाही. कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, नवं आलं, पण मशीन पुन्हा सुरू करेपर्यंत जुनंच चालणार आहे. एखाद्या रिपॉझिटरीची, म्हणजे पॅकेजं जिथून येतात त्या कोठाराची, खरेपणाची डिजिटल सही तपासता आली नाही.

आणि सगळ्यात जास्त लोक जिथे अडखळतात तो सेटिंगच्या फाइलीचा प्रश्न. समजा, तुम्ही एखाद्या सेवेच्या सेटिंगच्या फाइलीत स्वतः बदल केलाय आणि नव्या आवृत्तीतही तीच फाइल बदलून आली आहे. अशा वेळी डीपीकेजी, म्हणजे एप्टच्या हाताखाली पॅकेज प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्रॅम, थांबतं आणि विचारतं: तुमची ठेवू की नवी घेऊ? नुसतं एंटर दाबलं तर तुमची जुनी राहते आणि नवी शेजारी डीपीकेजी-डिस्ट अशा शेपटीच्या नावाने पडून राहते. नवी घेतली तर तुमची जुनी डीपीकेजी-ओल्ड नावाने बाजूला जाते. म्हणजे दोन्हींकडून काही हरवत नाही. पण त्या क्षणी हा प्रश्न आहे हेच कळलं नाही, तर पुढच्या महिन्यात ती सेवा सुरू होईना म्हणून डोकं धरून बसायची वेळ येते, आणि कारण शोधायला कुठे जायचं तेही सुचत नाही.

लेबलांचा प्रकार मी विणाई खात्यातल्या एका अण्णांना सांगत होतो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सर, तुमच्या मशीनला दिवा नाही का?" त्यांच्या खात्यात नवे रेपियर माग आहेत. प्रत्येक मागाच्या डोक्यावर रंगीत दिव्यांची दांडी असते. ताण्याचा धागा तुटला की एक दिवा लागतो, बाण्याचा तुटला की दुसरा. कुठला रंग कशासाठी ते माग बनवणाऱ्या कंपनीगणिक बदलतं. अण्णा एका वेळी बरेच माग सांभाळतात आणि प्रत्येकाचं कापड निरखत बसत नाहीत. ते दिवे बघतात, आणि दिवा लागला की मगच त्या मागाच्या कापडाकडे जातात. साध्या यंत्रमागावर ही सोय नव्हती, तेव्हा सगळी भिस्त नजरेवर होती आणि तुटलेला धागा वारभर पुढे गेल्यावर दिसायचा, असं ते म्हणाले.

अण्णा जे सांगत होते त्याचा अभ्यास मानसशास्त्रात झालेला आहे. अ‍ॅन ट्रिसमन आणि गॅरी गेलाड यांनी १९८० मध्ये एक सिद्धांत मांडला. त्याचा आपल्या कामाचा भाग असा: करड्या ठिपक्यांत एकच लाल ठिपका असेल, तर ठिपके दहा असोत की शंभर, तो सापडायला जवळजवळ सारखाच वेळ लागतो. डोळा एकेक ठिपका तपासत जात नाही, लाल स्वतःहून पुढे येतो. पण शोधायची गोष्ट अक्षरांच्या अर्थात दडलेली असेल, तर एकेक ओळ वाचण्याला पर्याय नाही, आणि ओळी वाढतील तसा वेळ वाढतो. मोठ्या अक्षरांतला 'रिमूव्ह्ड' मला दिसला नाही, त्याचं कारण इथे आहे. आसपासही इंग्रजी अक्षरंच होती आणि मोठा आकार हा त्यांत फार क्षीण फरक आहे.

आता हा रंग येतो कुठून? टर्मिनलचा मूळ पुरुष म्हणजे टेलिटाइप, कागदावर टकटक अक्षरं उमटवणारं यंत्र. त्याला रंग नव्हता, पण लक्ष वेधायला घंटी होती. आस्कीच्या, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या, तक्त्यात ७ क्रमांकाचं चिन्ह आजही घंटीचंच आहे. सोलापुरात गिरण्यांचा भोंगा झाला की पाळी बदलायची, तशी ही ७ नंबरची हाक. पुढे कागदाच्या जागी पडदा आला आणि ठळक करणं, अधोरेखित करणं, अक्षर लुकलुकवणं अशा सूचना पडद्याला द्यायची गरज पडली. प्रत्येक कंपनीची सूचना वेगळी होती. म्हणून १९७६ मध्ये इक्मा-४८ हे प्रमाण ठरलं आणि डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी-१०० या टर्मिनलमुळे त्या धर्तीच्या सूचना घरोघरच्या झाल्या. गंमत अशी की व्हीटी-१०० स्वतः एकरंगी होतं, रंग दाखवणारी टर्मिनलं नंतर आली. आज तुमच्या लॅपटॉपवरची टर्मिनलची खिडकी त्या यंत्राचीच नक्कल करते आणि त्याचीच भाषा समजते.

ती भाषा साधी आहे. आस्कीत २७ क्रमांकाचं एस्केप नावाचं चिन्ह आहे, ते पडद्यावर दिसत नाही. त्याच्यापुढे उघडणारा चौकटी कंस, मग एक आकडा, मग लहान लिपीतलं एम. टर्मिनलला हे दिसलं की ते समजतं, हा मजकूर नाही, हा हुकूम आहे. आकडा ३१ असेल तर यापुढचं सगळं लाल, ३२ असेल तर हिरवं, ३३ म्हणजे पिवळं. १ म्हणजे ठळक, ७ म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या रंगांची अदलाबदल. आणि ० म्हणजे सगळं पुसून मूळपदावर या. हा शून्य विसरला तर तुमची पुढची प्रत्येक ओळ लालच राहते. नवशिक्यांच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ओळीने आज्ञा लिहून ठेवलेल्या फाइलीत, ही चूक हमखास सापडते.

हे आकडे कुणी मनाला येतील तसे दिलेले नाहीत. लालला १, हिरव्याला २ आणि निळ्याला ४ असं वजन आहे. लाल आणि हिरवा प्रकाश मिसळला की पिवळा होतो आणि १ अधिक २ बरोबर ३, म्हणून पिवळा ३३. तिन्ही मिळून ७, म्हणून पांढरा ३७. काहीच नाही तो काळा, ३०. इतकं लक्षात ठेवलं की तक्ता पाठ करावा लागत नाही. पुढे २५६ रंगांची पद्धत आली: मूळचे १६, सहाच्या घनाचे २१६ आणि करड्याच्या २४ छटा. त्याच्याही पुढे १ कोटी ६७ लाखांहून जास्त छटा देणारी आली. अपडेटच्या कामाला त्यातल्या तीन पुरतात.

सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डवर विणली जाते. कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, ते भोकं पाडलेले पत्ते सांगतात. तिथे हुकूम आणि सूत वेगळ्या वाटांनी येतात. पत्त्यांची माळ वर फिरते, सूत खालून येतं, आणि पत्त्याचा तुकडा कधी चादरीत विणला जात नाही. टर्मिनलमध्ये मात्र हुकूम आणि मजकूर एकाच धाग्यातून येतात. त्याच्या बहुतेक सगळ्या अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

पहिली अडचण फाइलीची. रंगीत आउटपुट जसंच्या तसं फाइलीत साठवलं आणि दुसऱ्या कुणी साध्या एडिटरमध्ये उघडलं, तर प्रत्येक ओळीत चौकटी कंस, ३१, एम असा कचरा दिसतो. तिथे हुकूम पाळणारं टर्मिनलच नाही, म्हणून हुकूमच मजकूर होऊन बसला. चांगले प्रोग्रॅम यासाठी आधी विचारून घेतात, माझं आउटपुट माणसाच्या पडद्यावर चाललंय की फाइलीत, की दुसऱ्या प्रोग्रॅमच्या तोंडात? पडदा असेल तरच रंग लावतात. फाइलींची यादी देणारी एलएस आणि मजकुरात शब्द शोधणारी ग्रेप या आज्ञांना रंगासाठी 'ऑटो' म्हटलं की त्या हेच करतात. 'ऑल्वेज' म्हटलं तर कुठेही रंग ओततात. ऑल्वेज हा शब्द फार जपून वापरा. साठवलेला रंगीत मजकूर वाचायचाच असेल तर फाइल पानापानाने दाखवणाऱ्या लेस या आज्ञेला मोठं आर जोडा, म्हणजे ती रंगाचे हुकूम पाळून दाखवते. आणि कुणाला रंग नकोच असेल तर नो-कलर नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांना वाचता येणारी एक सेटिंग, ठेवायचा, अशी एक प्रथा २०१७ पासून रूढ होत आली आहे. अनेक प्रोग्रॅम तिचा मान राखतात.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. एकाच धाग्यातून हुकूम येत असतील तर कुणीही हुकूम घुसवू शकतो. रंगाच्याच कुटुंबात कर्सर मागे नेणारे, ओळ पुसणारे आणि अक्षर लपवणारे हुकूम आहेत. अनोळखी ठिकाणाहून आलेली फाइल कॅट आज्ञेने थेट पडद्यावर ओतली, तर तिच्यातली एखादी ओळ तुम्हाला दिसणारच नाही अशी तजवीज करता येते. अशी फाइल आधी साध्या लेसमध्ये पाहावी, किंवा कॅटला लहान व्ही जोडावं, म्हणजे हुकूम पाळले न जाता उघडे दिसतात. जो रंग महत्त्वाची ओळ पुढे आणतो त्याच्याच यंत्रणेतून ती दडवताही येते, म्हणून स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने बाहेरून आलेल्या मजकुरातले हे हुकूम आधी गाळून घ्यायला हवेत.

अपडेट करणारे प्रोग्रॅम स्वतः आता या बाबतीत पुढे आले आहेत. एप्ट ३.० हे एप्रिल २०२५ मध्ये आलं आणि त्यात येणारी पॅकेजं हिरव्या रंगात, जाणारी लाल रंगात, रकाने पाडून दिसू लागली. त्याच वर्षीच्या डेबियन १३ मध्ये हे एप्ट आहे. आर्च या दुसऱ्या लिनक्सवरचं पॅकमन वापरत असाल तर त्याच्या सेटिंगच्या फाइलीत 'कलर' या शब्दापुढची टिप्पणीची खूण काढली की काम झालं.

पण रंग एकटा पुरेसा नाही, हेही सांगायला हवं. २०२१ मध्ये एका प्रसिद्ध यूट्यूबरने कॅमेऱ्यासमोर पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हा गेमचा प्रोग्रॅम टाकायला घेतलं. पॅकेजांच्या घोळामुळे एप्ट अख्खं डेस्कटॉप काढायला निघालं. अत्यावश्यक पॅकेजं जाणार आहेत असा इशारा होता, आणि पुढे जायला 'हो, मी सांगतो तसं कर' या अर्थाचं अख्खं इंग्रजी वाक्य टाइप करावं लागत होतं. त्यांनी ते केलं आणि डेस्कटॉप गेलं. लोकांनी त्यांना नावं ठेवली, ते मला पटत नाही. इशारा लांबलचक यादीच्या पोटात होता आणि रोज हजार वेळा 'हो' म्हणायची सवय लागलेल्या माणसाने आणखी एकदा 'हो' म्हटलं. एप्टच्या लोकांनी त्यानंतर वाटच बंद केली. आता अत्यावश्यक पॅकेज अशा सहज संमतीने निघत नाही. जे होताच कामा नये त्याला रंग द्यायचा नसतो, ते अडवायचं असतं. माणसाने ठरवायची गोष्ट असेल तिथेच रंग.

जुन्या डेबियनवर रंगीत एप्ट नाही, आणि कारखान्यातलं मशीन तसंच जुनं होतं. तिथे मी काय केलं ते सांगतो. आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत.

एप्ट-गेट हे एप्टचंच जुनं रूप. त्याला लहान एस जोडलं की ते प्रत्यक्ष काही न करता नुसती तालीम करतं. तालमीच्या ओळी फार सोयीच्या असतात: बसवायच्या पॅकेजाची ओळ 'इन्स्ट' ने सुरू होते, काढायच्याची 'रेम्व्ह' ने. ही तालीम पाइपच्या, म्हणजे एका आज्ञेचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या, उभ्या रेघेतून ग्रेपकडे द्यायची. ग्रेपला मोठं ई जोडून नमुना द्यायचा: रेम्व्ह, मग उभी रेघ, मग डॉलरचं चिन्ह. अर्थ असा की 'रेम्व्ह' शोध किंवा ओळीचा शेवट शोध. ओळीचा शेवट प्रत्येक ओळीला असतोच, म्हणून एकही ओळ गाळली जात नाही, पण रंग फक्त 'रेम्व्ह' ला लागतो. ग्रेपचा ठरलेला रंग ठळक लालच आहे. डॉलर विसरलात तर बाकीच्या ओळी गायब होतील आणि आजूबाजूचा संदर्भ हातचा जाईल. याच धर्तीवर 'सिक्युरिटी' हा शब्द दुसऱ्या रंगात काढता येतो, कारण सुरक्षेच्या सुधारांच्या ओळीत तो रिपॉझिटरीच्या नावात येतो.

तालीमच का? खरा अपडेट पाइपमधून ग्रेपकडे दिला तर नको ते होतं. 'पुढे जायचं का?' या प्रश्नाच्या शेवटी नवी ओळ नसते, आणि ग्रेप पूर्ण ओळ मिळेपर्यंत काहीच दाखवत नाही. म्हणजे मशीन तुमच्या उत्तराची वाट बघतंय आणि तुम्ही मशीनची. आधी तालीम रंगवून वाचायची, मग खरी आज्ञा साध्या पद्धतीने द्यायची. नुसतं एप्ट पाइपला जोडलं तर आउटपुटच्या रचनेवर विसंबू नका असा इशारा ते स्वतःच देतं, म्हणून स्क्रिप्टमध्ये एप्ट-गेट. नुसता अपग्रेड कधी पॅकेज काढत नाही. गरज पडली तर पॅकेज काढणारा डिस्ट-अपग्रेड आणि नवं पॅकेज बसवणं या दोन वेळी तालीम चुकवू नका.

एक खाचखळगा खास आपल्या लोकांसाठी. एप्टचं मराठी भाषांतर आहे. मशीनचं लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, मराठी असेल तर बऱ्याच ओळी मराठीत येतात आणि 'केप्ट बॅक' शोधणारा ग्रेप रिकाम्या हाताने परततो, तेही कसलीही तक्रार न करता. म्हणून तालमीच्या आज्ञेपुरतं भाषा ठरवणारं एलसी-ऑल हे नुसत्या सी या अक्षरावर ठेवायचं, म्हणजे ओळी मूळ इंग्रजीत येतात. मराठीतून मशीन वापरावं याच मताचा मी आहे, पण यंत्राने यंत्राचं वाचायचं असतं तिथे भाषा एकच ठरलेली बरी.

रंग किती वापरायचे यावर माझं मत ठाम आहे. पहिल्या उत्साहात मी सेवा सुरू झाल्याच्या ओळी हिरव्या, आवृत्तीचे आकडे निळे, फाइलींची नावं जांभळी असं सगळं रंगवलं होतं. आठवड्याभरात लाल ओळही त्या गर्दीतली एक झाली. आता तीनच आहेत. लाल: थांबून निर्णय घे. पिवळा: आज ना उद्या हात लावावा लागेल, उदाहरणार्थ मशीन पुन्हा सुरू करायचं आहे किंवा पॅकेज मागे राहिलंय. हिरवा फक्त अगदी शेवटच्या एका ओळीला, सगळं पार पडलं म्हणून. निळा मी वापरतच नाही, कारण काळ्यावर ३४ नंबरचा गडद निळा बऱ्याच पडद्यांवर वाचता येत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पिवळ्याची तीच गत होते, म्हणून पिवळ्या ओळी मी ठळकही करतो आणि स्क्रिप्ट दोन्ही पार्श्वभूमींवर एकदा चालवून बघतो.

सुट्टीत माझ्या जागी ऑफिसातले हिशेबाचे काका अपडेट चालवतात. त्यांना मी शिकवलं, "काका, लाल दिसलं की थांबायचं आणि मला फोन करायचा." ते जरा थांबले आणि म्हणाले, "अरे, मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. रंगखात्यातले नमुने म्हणूनच मी कधी पास करत नाही." युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्क्यांना लाल-हिरव्याचा असा त्रास असतो, हे मी वाचलेलं होतं. माझ्या स्वतःच्या ऑफिसात मात्र मी विचारलं नव्हतं. वेबसाइटच्या सुगम्यतेच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे की माहिती केवळ रंगातून देऊ नये, आणि टर्मिनललाही ते तितकंच लागू आहे.

त्या दिवशी स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. आता लाल ओळीच्या आधी तीन उद्गारचिन्हं येतात, पिवळ्या ओळीच्या आधी एक. 'थांबा' असा शब्दच घालायचा विचार होता, पण बऱ्याच टर्मिनलांत देवनागरीच्या मात्रा आणि जोडाक्षरं ठरावीक रुंदीच्या घरांत नीट बसत नाहीत, म्हणून चिन्हांवर भागवलं. लाल ओळींची संख्या शेवटी वेगळी छापली जाते, म्हणजे वर सरकून गेलेली एखादी राहिली का ते मोजता येतं. आणि तीच यादी रंगाच्या हुकुमांशिवाय, उद्गारचिन्हांसकट, एका साध्या फाइलीत तारखेच्या नावाने जमा होते. काका ती फाइल छापून घेतात, तीन चिन्हांच्या ओळींपुढे पेनाने गोल करतात आणि मगच वाय दाबतात.